लाख, लॅकर आणि जुन्या मोटारी

सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या गोल पत्त्यांवर लाखेचा थर देतात. लाख हा एका लहानशा कीटकाचा राळेसारखा स्राव. ‘लॅकर’ हा शब्द मुळात या लाखेचाच. पोर्तुगीजांमार्फत तो युरोपात रुळला आणि पुढे मोटारींच्या रंगाला चिकटला. तोवर त्यात लाख मात्र उरली नव्हती!

जुनी मोटार दुरुस्त करताना तिला तिच्या काळाचाच रंग हवा, असे आपण म्हणतो. पण काळाचा रंग म्हणजे केवळ छटा नव्हे. आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणे तेलरंग व व्हार्निशचे थरावर थर देऊन रंगवत. हे थर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सावकाश कठीण होत. काम आठवडे चाले. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी तर फक्त काळीच मिळे. म्हणून १९१५ची टी लालभडक दिसली, तर शंका घ्यावी. १९२३ साली ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ आला. हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. द्रावक उडाला की तो सुकतो, त्यामुळे रंगीत मोटारी झपाट्याने तयार होऊ लागल्या.

मूळ रंग शोधायचा तर दाराआडची एखादी जागा हलके घासतात. झाडाच्या वलयांसारखे एकाखाली एक थर दिसतात. सर्वांत खालचा बहुधा अस्तराचा. सगळा रंग खरवडला, की हा पुरावाही गेला. शाळेच्या जुन्या दारावरही असे थर सापडतील. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. मुलांना ते घासू देऊ नये.