मॅरेथॉननंतरचे सव्वीस दिवस

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात करतो दादर स्टेशनच्या जिन्यापासून. मी मूळचा डोंगरात पळणारा माणूस. सिंहगड, राजगड, तोरणा हा माझा नेहमीचा रस्ता. एका जानेवारीत हौसेनं मुंबईची मॅरेथॉन पळालो, सगळी डांबरावर. दुसऱ्या दिवशी दादरच्या पुलाचा जिना मी उलटा, कठड्याला धरून उतरलो. मागून येणाऱ्या आजी म्हणाल्या, "पाय मुरगळला का रे बाळा?" काय सांगणार!

पाचव्या दिवशी दुखणं थांबलं. नवव्या दिवशी मी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढलो. चढताना काहीच झालं नाही. उतरताना मात्र मांडीनं ऐन वेळी भार घेतला नाही आणि मी गुडघ्यावर आपटलो. दीड महिना घरी बसलो. तेव्हा एक प्रश्न पडला, की शर्यत संपल्यानंतर शरीराचं काय होतं, हे माणसानं कधी आणि कसं शोधलं? त्या वाचनातून आजचं हे व्याख्यान तयार झालं.

आधी १९०४ सालच्या सेंट लुईस ऑलिम्पिककडे जाऊ. धुळीचा रस्ता, प्रचंड उकाडा आणि वाटेत पाणी जवळजवळ नाहीच. ३२ जण सुटले, त्यातले १४ पोचले. विजेता टॉमस हिक्स. त्याला वाटेत काय दिलं? अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन. म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांत असतं ते विष! तेव्हा ते उत्तेजक म्हणून देत असत. शेवटी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पुढे न्यावं लागलं. त्या काळाचा प्रश्न एकच होता, माणूस रेषेपर्यंत पोचतो की नाही. तिथून पुढे काय, हा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९२० साली अँटवर्पला बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी गावाकडची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून हा संघ उभा राहिला. चौगुले १९वे आले, वेळ सुमारे २ तास ५१ मिनिटं. निकालाच्या कागदावर असतं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता आला का, हा रकाना त्या कागदात नसतो. आजही नसतो.

आता गंमत बघा. योग्य उत्तराचा धागा हिक्सच्या शर्यतीआधीच हाती आला होता. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९०२ साली बोटाच्या स्नायूवर प्रयोग केले आणि म्हटलं, की दुसऱ्या दिवशी येणारं दुखणं हे नुसत्या थकव्याचं नाही, स्नायूच्या आत काहीतरी फाटलेलं असतं. पण ही गोष्ट मागे पडली. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं हे दाखवलं. पुढे हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ सालचं नोबेल मिळालं. मग काय, प्रत्येक दुखण्याला एकच उत्तर झालं: लॅक्टिक आम्ल. मालिश करा, हलकं पळा, आम्ल निघून जाईल. आजही जिममध्ये हेच ऐकू येतं.

खरं तर ते आम्ल तासाभरात रक्तातून कमी होतं. दुखणं शिगेला पोचतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. हिशेब जुळतच नव्हता. १९८३ साली दोन अभ्यास आले. एकात सपाट आणि उतारावरच्या पळण्याची तुलना होती. सपाटीवर आम्ल वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावर आम्ल वाढलं नाही, तरी पाय दुखले! कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, ब्रेकसारखा. त्यात तंतू फाटतात. दुसऱ्या अभ्यासात मॅरेथॉनपटूंच्या पोटरीचे अगदी छोटे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, शर्यतीआधी, लगेच नंतर आणि पुढे सात दिवसांपर्यंत. तंतू मेलेले दिसले. काही तर शर्यतीआधीच, सरावामुळे मेलेले होते.

याचा अर्थ काय? दुखणं ही निरोप्यासारखी गोष्ट आहे. निरोप देऊन ते निघून जातं, पण आतलं बांधकाम चालूच असतं. सिंहगडावर मी निरोप्या गेला म्हणून काम संपलं असं समजलो. आणि गेलो कुठे, तर नेमका उतारावर.

प्रयोगशाळेच्या आधीच हे ओळखणारा एक पळणारा होता. न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर. यानं १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या ४१व्या वर्षी मॅरेथॉनचं रौप्यपदक जिंकलं, २ तास ११ मिनिटांत. डांबर टाळून गवताच्या टेकड्यांवर पळणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस पुन्हा शर्यत नाही, हा नियम त्याच्या नावानं सांगितला जातो. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणून २६ दिवस. हा काही प्रयोगातून निघालेला आकडा नाही, स्वतःच्या पायांचं ऐकणाऱ्या माणसाचा अंदाज आहे. आणि लक्षात घ्या, तो शर्यत करू नका म्हणतो, चालूही नका असं म्हणत नाही.

नंतरच्या मॅरेथॉनला मी हे पाळलं. पहिला आठवडा नुसतं चालणं. मग सपाटीवर हलकं पळणं. गडावर गेलो, पण चढून वर दही खाल्लं आणि जीपनं खाली आलो. ओळखीचे लोक हसले. हसू देत. उतार मी शेवटी ठेवला, सव्वीस दिवसांनंतर.

तुमच्यापैकी कुणी येत्या जानेवारीत पळणार असाल, तर शर्यतीच्या तारखेपुढचे सव्वीस दिवसही आत्ताच कॅलेंडरवर मांडून ठेवा.