एका पापुद्र्याची गोष्ट

 

आपल्या निफाड भागात कांदा चिरल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही. कांद्याच्या पाकळीवर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, नखाने ओढला की सुटून येतो. तसाच, पण त्याहून कितीतरी पातळ पापुद्रा आपल्या अंगात असतो. कातडीत, तोंडाच्या आतल्या अस्तराखाली, आतड्यात आणि पिशवीच्या तोंडाशीसुद्धा. आपण त्याला आधारपटल म्हणू. एका केसाच्या जाडीत असे शेकडो पापुद्रे मावतील. त्याचा इतिहास आज सांगायचा, कारण त्यात महाराष्ट्रातल्या लाखांहून जास्त बायांचा वाटा आहे.

लंडनचे डॉक्टर विल्यम बोमन यांनी 1842 साली मूत्रपिंडावर जो निबंध लिहिला, त्यात या पापुद्र्याचं वर्णन आहे. सूक्ष्मदर्शकातून बघताना त्या काळच्या डॉक्टरांना तो नुसता स्वच्छ पडदा वाटायचा, कसलीही वीण नसलेला. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर तिथेच थकते. 1950 नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यात थर दिसले. मग कळलं की हा पापुद्रा पेशींचा नाहीच, प्रथिनांच्या धाग्यांची ती बारीक चाळणी आहे. 1979 साली त्यातलं लॅमिनिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. पेशी त्याला धरून जागेवर बसतात.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पिशवीच्या तोंडाशी या पापुद्र्याच्या वर पेशींचे थर असतात, पण तिथे एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्या सगळ्या खाली. वरच्या पेशींना अन्नपाणी चाळणीतून झिरपून मिळतं.

अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी 1932 साली एक भेद मांडला. पेशी बिघडल्या आहेत, कॅन्सरसारख्या दिसतात, पण पापुद्रा ओलांडून खाली उतरलेल्या नाहीत. या अवस्थेला त्यांनी जागच्या जागी असलेला कॅन्सर म्हटलं. पापुद्रा विरघळवून त्या खाली गेल्या, की रक्त आणि लसिकेच्या वाटेने कुठेही जाऊ शकतात. गोदावरी पात्रात वाहते आहे आणि गोदावरी गावात शिरली आहे, यातला फरक सायखेड्याला वेगळा सांगायला नको.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. विषाणू शिरल्यापासून पेशी बिघडून पापुद्रा ओलांडायला साधारण दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. तोवर तेवढी जागा गोठवून किंवा बारीक तुकडा काढून काम भागतं, बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. ओलांडल्यावर मात्र मोठं ऑपरेशन, शेक, शहराच्या फेऱ्या.

आपण म्हणतो, "मला काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला?" वर रक्तवाहिनीच नाही, तर रक्त दिसणार कुठून? संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाऊ लागतं, तेव्हा रोग पुष्कळदा खाली उतरलेला असतो. अर्थात असं प्रत्येक रक्त कॅन्सरचं नसतं, पण ते दाखवायलाच हवं.

1998 साली टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायांच्या पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून बघायचं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. बघणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

1999 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांचे 52 समूह निवडले गेले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया. काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची व्हिनेगरची, काहींची काचपट्टीवर पेशी घेऊन, आणि एका गटाची काहीच नाही. एकदाच तपासून आठ वर्षं वाट पाहिली. 2009 साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने 34 बाया गेल्या, न तपासलेल्या गटात 64. आणि न तपासलेला गट तर थोडा लहानच होता.

न तपासलेल्या गटावर पुढे परदेशातल्या डॉक्टरांनीही जाहीर आक्षेप घेतला. मला तो पटतो. त्या बायांना दवाखान्यात जाऊन तपासणी करता येते असं सांगितलं होतं, पण खेड्यातल्या बाईसाठी सांगणं आणि होणं यात केवढं अंतर असतं! आज जगभर एचपीव्ही चाचणीची शिफारस होते, तिच्यामागे जे पुरावे आहेत त्यांत धाराशिवच्या या बाया आहेत. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत.

सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांपुढच्या बायांसाठी व्हिनेगरची तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. काही मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. आपल्याकडे ती कोणत्या वारी होते, ते आशाताईला विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.