वाहनांचे वजन आणि घाटरस्ते : कायदा काय सांगतो?

जव्हारजवळील शिरपामाळ हे ऐतिहासिक स्थळ आहे. १६६४ च्या सुरत स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला होता, असे मानले जाते. आज याच डोंगराळ मुलखातून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा वाहनांचा मार्ग जातो. अशा भागात एखादी मोरी खचली तर वळसा मोठा पडतो आणि एसटीबरोबर रुग्णवाहिकाही अडकते. त्यामुळे वाहनाने किती भार वाहावा, हा प्रश्न केवळ वाहतूकदारांचा राहत नाही.

मर्यादा किती?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार घेऊन वाहन चालविता येत नाही. यालाच बोलीभाषेत गाडीचे 'पासिंग' म्हणतात. एकूण वजनात वाहन आणि माल या दोहोंचा समावेश होतो. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये या मर्यादा वाढविल्या. चार चाकांच्या एका एक्सलवरील मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, तर दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले. सर्वांत मोठ्या जोडवाहनांसाठी ४९ ऐवजी ५५ टनांची मर्यादा आली.

एक्सलचा भार महत्त्वाचा का?

रस्त्याची हानी भाराच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी वेगाने वाढते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून ही हानी ढोबळमानाने भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असा नियम मांडला गेला. त्यानुसार एक्सलवरील भार २० टक्क्यांनी वाढला तर झीज सुमारे दुप्पट होते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. घाटाच्या उतारावर ब्रेकवर येणारा ताण हा आणखी वेगळा धोका.

तपासणी आणि दंड

कलम ११४ नुसार अधिकृत अधिकारी संशयित वाहन वजनकाट्यावर नेण्यास सांगू शकतो. वजन अधिक भरल्यास जादा माल उतरविल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. माल उतरविण्याची जोखीम चालकाचीच असते. चालक हा मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा आदेशानेच गुन्हा घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते.

१ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड असून प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपयांची भर पडते. चार टन जादा भार असल्यास ही रक्कम २८ हजार होते. वजन करण्यास नकार दिल्यास ४० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. केवळ दंड भरून जादा भारासह पुढे जाण्याची मुभा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केले होते.

प्रवासी वाहनांनाही मर्यादा आहे. कलम १९४अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड होतो.

स्थानिक निर्बंध

रस्ता किंवा पूल कमकुवत असल्यास कलम ११५ नुसार शासन अथवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण अवजड वाहनांना तेथे बंदी घालू शकते. बंदी महिनाभरापेक्षा अधिक नसेल, तर राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे पावसाळ्यात खचलेला पूल वाचविण्यासाठी लांबलचक प्रक्रियेची वाट पाहण्याचे कारण नाही. नागरिकांनीही अशा पुलाकडे प्रशासनाचे लक्ष वेळीच वेधणे हिताचे ठरते.