आधी ज्वारी, मग गाय

आबा गाय पारखायचे ती तिच्या मागच्या पिढ्यांवरून. "ही रत्नीची नात. रत्नी बहात्तरला वाचलेली," असं सांगायचे. कागदावर काही नव्हतं. अख्खी वंशावळ तोंडपाठ.

कंधार तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर दावणीला लाल कंधारीच असे. गाय तांबूस, वळू तिच्याहून गडद, डोळ्यांभोवती काळी कड. जुनी माणसं या गुरांचा मान थेट कंधारच्या सोमदेवराय राजापर्यंत नेत. आजीचं माहेर उदगीरकडचं, तिथं देवणी. काळ्या तोंडाची वानेरा, पांढरीशुभ्र बालंक्या, काळ्या ठिपक्यांची शेवरा, असे तिचे तीन प्रकार आजी बोटांवर मोजून सांगे आणि "दूध प्यावं तर देवणीचं" असं ठणकावे. आबांचं उत्तर ठरलेलं : "अन् भर उन्हात औत कोण ओढतं?"

1972च्या दुष्काळात माणसं सुकडी खाऊन खडी फोडायला जात होती. आबांनी छपराचं जुनं गवत उपसून गाईंपुढं टाकलं, पण रत्नी विकली नाही. एवढ्यातून निभावलेली ही दावण पुढं चांगल्या पावसाच्या वर्षांत रिकामी झाली. ट्रॅक्टर आला, सोयाबीन आलं, हातात पैसा आला. ज्वारी मात्र गेली आणि तिच्याबरोबर कडबाही. विकतच्या वैरणीवर बैलजोडी पोसणं कुणाला परवडणार?

आखाडा पुन्हा उभारायचं ठरलं तेव्हा आम्ही भिंती आणि पत्र्यांचा हिशेब मांडत बसलो होतो. आत्या म्हणाली, "अगोदर ज्वारी पेर. गव्हाण रिकामी ठेवून गाय आणू नको."

मग रब्बीत उंच ताटाची ज्वारी पेरली. काढणीनंतर पेंढ्या बांधून गंज रचली. पुढच्या मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गेलो. आत्यानं गाईचे दात पाहिले, कासेवरून हात फिरवला, तिला चार पावलं चालवून खूर पाहिले आणि मालकाला पहिला प्रश्न विचारला, "हिची आई अजून हाय का तुमच्याकडं?" ती गाय आम्ही आणली. नंतर बांधावरच्या पाल्यावर भागणाऱ्या काळ्या उस्मानाबादी शेळ्याही आल्या.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे लाल कंधारी आणि देवणी, दोन्ही जातींची नोंद आहे. पण कुठल्या गाईला कुठला वळू दाखवला, कालवड कुणाची, हे गाय पाळणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते आता आत्या सांगते आणि मी वहीत उतरवतो. वळूला त्याचीच लेक दाखवली गेली तर पुढची पिढी कमजोर होते; आबांच्या तोंडपाठ वंशावळीचा खरा उपयोग हाच होता. म्हणून आमच्या शिवारात जो जो कंधारी पाळतो, त्याला माझं एकच सांगणं आहे : दोन एकर ज्वारी ठेवा, वही घाला आणि दर काही वर्षांनी वळू शेजारच्या गावाशी बदलून घ्या.