साठ मीटर आणि आमचा भाचा

मागच्या आठवड्यात अकोल्याहून ताईचा मुलगा आला होता. दहावीचा निकाल लागलाय, त्यामुळे सध्या त्यांच्या घरात एकच विषय: क्लास कोणता लावायचा? पोरगं मात्र उन्हं चढायच्या आत वसंत देसाई स्टेडियमवर जाऊन शंभर मीटरच्या चकरा मारून येतं. भाऊजींना ते पटत नाही. पळून पोट भरत नाही हे त्यांचं एक म्हणणं, आणि त्याला मी काही बोलणार नाही. पण दुसरं वाक्य ऐकून मी चपापलो. "हे आपल्या अंगातच नसतं."

हेच वाक्य मी इथे अमरावतीला कॉलेजात असताना ऐकलं होतं. मीही पळायचो. एका सरांनी शांतपणे समजावलं, की आपली हाडं वेगळी, कुस्ती-कबड्डी ठीक आहे, वेगाच्या शर्यती आपल्या नव्हेत. मला ते पटलं आणि मी बूट काढून ठेवले. आज वाटतं, फार लवकर पटलं.

रात्री गच्चीवर आम्ही मामा-भाचे मोबाइलवर जुन्या शर्यती बघत बसलो. ३ मार्च २०१८, बर्मिंगहॅम, जागतिक इनडोअर स्पर्धा, पुरुषांची ६० मीटर अंतिम फेरी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात मैदानावर पळणं अवघड, म्हणून छताखाली स्पर्धा होतात. तिथली धावपट्टी साधारण २०० मीटरची, बाहेरच्या ४०० मीटरच्या निम्मी. सरळ भाग त्यात तोकडा पडतो, म्हणून शंभरऐवजी साठ मीटर. सुरुवात चुकली की संपलं, सावरायला पुढे अंतरच नाही.

अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन ६.३७ सेकंदांत पहिला आला. पण भाच्याचं बोट दुसऱ्यावर थांबलं. चीनचा सू बिंगत्येन, ६.४२ सेकंद. रॉनी बेकर हा दुसरा अमेरिकन त्याच्या मागे, ६.४४ ला. सूची उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे आमच्या भाच्याएवढीच.

"मामा, यात आपला कोनीच नाही काय?"

नव्हता. पण मग मला लेव्ही पिंटो आठवला, आणि त्याला ही गोष्ट सांगितली.

मार्च १९५१. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, अकरा देशांच्या. त्यात १०० मीटरचं सुवर्ण मुंबईच्या लेव्ही पिंटोने जिंकलं, वेळ १०.८ सेकंद. २०० मीटरचंही सुवर्ण त्याचंच, २२.० सेकंद. वर ४ x १०० रिलेत रौप्य. म्हणजे त्या वर्षी त्या मैदानात आशियातला सगळ्यात वेगवान माणूस आपल्या मुंबईचा होता! चीन तेव्हा त्या स्पर्धेत नव्हताच. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकचं १०० मीटरचं सुवर्ण १०.४ सेकंदांत गेलं. हातातल्या घड्याळांचा जमाना तो, तरी ढोबळमानाने अंतर दिसतं: चार दशांश.

आता पुढचं बघा. २०२३ च्या हांगझोउ स्पर्धेपर्यंत पुरुषांच्या १०० मीटरचं आशियाई सुवर्ण पिंटोनंतर एकाही भारतीयाला मिळालं नाही. २०२५ मध्ये अनिमेष कुजूरने १०.१८ चा राष्ट्रीय विक्रम केला. फार मोठी गोष्ट. पण बोल्टचा विश्वविक्रम ९.५८. अंतर सहा दशांश. आपण वेगवान झालो, जग जास्त वेगवान झालं. हाडं तर तीच आहेत. मग बदललं काय?

त्याचं उत्तर मला सूमध्ये दिसतं. २०१४ च्या सोपोत इनडोअर स्पर्धेत तो चौथा, २०१६ ला पोर्टलंडमध्ये पाचवा, आणि २०१८ ला दुसरा. मधल्या काळात त्याने काय केलं, तर सुरुवातीला पुढे ठेवायचा पायच बदलला! इतक्या वर्षांची सवय मोडून पुन्हा शिकला. २०१५ मध्ये ९.९९ धावला. पुढे रँडी हंटिंग्टन हे अमेरिकन प्रशिक्षक लाभले. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ९.८३, तेही वयाच्या एकतिसाव्या वर्षी. हे रक्तातून आलं असं कोण म्हणेल? प्रशिक्षक, धावपट्टी आणि दहा वर्षं थांबायची तयारी, यातून आलं.

आपल्याकडे भुवनेश्वरला देशातलं पहिलं इनडोअर ॲथलेटिक्स केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं, पिंटोच्या सुवर्णानंतर ७३ वर्षांनी.

आणि आपलं अमरावती? १९१४ साली इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. १९३६ मध्ये या मंडळाची मुलं थेट बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आली. त्या काळी आगबोटीने! इथल्या मातीतल्या पोरांच्या अंगात काय आहे आणि काय नाही, हे कुणी घरी बसून ठरवलं असतं तर ती मुलं बडनेऱ्याच्या पुढे गेली नसती.

हे सगळं ऐकून भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी पिंटोवानी होईन असं काही नाही ना?"

नाही रे बाबा, तसं काहीच नाही. बहुतेक होणारही नाहीस. पण किती धावू शकतोस हे घड्याळ सांगेल, कुणाचं वाक्य नाही. मला ते कधी कळलंच नाही, कारण मी घड्याळाकडे जायच्या आधीच परतलो.

ताई, तू हे वाचशीलच. भाऊजींनाही वाचून दाखव. क्लास खुशाल लावा, पहाटेचा तास तेवढा त्याचा त्याला राहू द्या. असो. जाताना त्याला स्पाइक्स घेऊन दिलेत, ते आता सांगून टाकतो. रागवू नकोस.