हरणटोळ : एका नावाचा इतिहास आणि घोडबंदर परिसर

ठाण्याहून निघणारा घोडबंदर रोड संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने घोडबंदर किल्ल्याकडे जातो. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेल्या या किल्ल्याचा इतिहास सुपरिचित आहे. त्याच रस्त्यालगतच्या येऊरच्या रानातील हरणटोळ या सापाचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या नजरेस क्वचितच पडतो.

वेलीसारखा सडपातळ, हिरवा, निमुळत्या तोंडाचा व आडव्या बाहुलीचा हा साप दिवसा झुडपांतून सरडे, बेडूक टिपतो. तो झाडावरून झेपावून माणसाच्या टाळूवर दंश करतो, अशी लोकसमजूत आहे. 'अहेतुल्ला' हे त्याचे शास्त्रीय प्रजातिनाम सिंहली भाषेतून आले असून त्याचाही अर्थ 'डोळे टोचणारा' असाच सांगितला जातो. वस्तुतः त्याचे विष सौम्य आहे. आफ्रिकेतील उसंबारा पर्वतातील वेलसाप दिसण्यात याचा सख्खा भाऊ वाटावा. परंतु तो ज्या 'थेलोटॉर्निस' प्रजातीतील आहे, तिच्यातील एका सापाच्या दंशाने जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये मरण पावले. हे साम्य निकटच्या नात्याचे नसून जीवनपद्धतीचे आहे.

बूलेंजर यांनी १८९० मध्ये हरणटोळास 'ड्रायोफिस मिक्टेरिझान्स' म्हटले, माल्कम स्मिथ यांनी १९४३ मध्ये 'ड्रायोफिस नासुटस'. पुढे 'अहेतुल्ला नासुटा' हे नाव रूढ झाले. नावे बदलली, तरी श्रीलंकेपासून सह्याद्रीपर्यंत जाती एकच, हे गृहीतक टिकून राहिले. 'झूटॅक्सा' या नियतकालिकातील २०२० च्या संशोधनाने ते मोडीत काढले. शरीररचना व जनुकीय पुरावा यांच्या आधारे 'नासुटा' श्रीलंकेपुरता मर्यादित झाला, द्वीपकल्पातील सखल प्रदेशासाठी बेल यांचे १८२५ चे 'ऑक्सिरिंका' हे नाव पुन्हा प्रचारात आले आणि उत्तर सह्याद्रीतील हरणटोळास 'बोरिॲलिस' हे नवे नाव मिळाले.

या फेरबदलाचा परिणाम घोडबंदर परिसरापुरता पाहिला, तरी तो लहान नाही. एकच जाती सर्वत्र आहे असे मानले, की एका रानातून ती नाहीशी होणे ही किरकोळ बाब ठरते. तो दिलासा आता उरलेला नाही. १९९० नंतर या रस्त्यालगत गृहसंकुले उभी राहत गेली आणि रानाची कड मागे सरली. हरणटोळास मानवणारी झुडपे नेमकी त्या कडेला असतात. शिवाय २०२० पूर्वीच्या याद्यांतील 'नासुटा' ही केवळ नावाची नोंद आता पुरावा म्हणून अपुरी पडते. तिच्या जोडीला जतन केलेला नमुना असेल, तरच खवले मोजून जाती ठरवता येते. अशा वेळी संग्रहालयातील बाटलीवर गावाचे नाव व तारीख लिहून ठेवणाऱ्या संग्राहकाची चिठ्ठी छापील यादीपेक्षा अधिक विश्वसनीय साधन ठरते.