बैलांच्या घुंगरमाळा

तामलवाडी हे सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरचे गाव. मोटारी येण्यापूर्वी या वाटेवर राबता असे तो बैलगाड्यांचा. सन १८६० मध्ये सोलापूरला आगगाडी आली आणि मुलखाचा माल त्या पेठेकडे वळला; उलट दिशेने तुळजाभवानीच्या यात्रेकरूंच्या गाड्या येत. १९४७ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात, तर सोलापूर इंग्रजी अमलात. वाट एक, सरकारे दोन. माळ वाजवीत जाणारी गाडी मात्र कोणाच्याच नजरेतून सुटत नसे!

बैलाच्या गळ्यातील माळ ही नुसती हौस नव्हे. पितळी घुंगूर आतून पोकळ, तळाशी चीर आणि पोटात खडा. असे घुंगूर चामड्याच्या पट्ट्यावर ओवीत. अंधाऱ्या रात्री अरुंद चाकोरीत समोरच्या गाडीवानाला आवाजावरूनच सावध होता येई. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल चालत आहेत की थांबले, हे माळच सांगे. इंग्लंडातही शेतमालाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांवर घंटा असत. कारण तेच, अरुंद वाट.

पुढे टायरगाडी आली, मग ट्रॅक्टर आला. दावणीचे बैल घटले. माळवदाखाली खुंटीला टांगलेल्या माळा आता पोळ्यालाच तेवढ्या उतरतात. पितळेला भाव असल्याने कित्येक मोडीत गेल्या. आजा-पणजाच्या बैलांचा नाद असा वजनावर विकला जावा, हे बरे नव्हे. ज्या घरी माळ उरली असेल, त्यांनी तराजूत घालण्याआधी देवळाकडे पाहावे. सभामंडपातली एक खुंटी तिला पुरेल.